दोन पूल ओलांडून

"तूंय हांगाच?" (तूही इथेच?) मडगावच्या सभागृहाच्या दारात आमच्याच वाड्यावरच्या एका काकांनी दादाला विचारले. क्षणभर दोघेही ओशाळले आणि मग मनापासून हसले.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या जवळपासच्या बैठकीत कोणीतरी ओळखीचे भेटेल, या धास्तीने दादाने उत्तर गोव्यातल्या बार्देसातून मांडवी आणि झुआरी असे दोन्ही पूल ओलांडून इतक्या दूर यायचे ठरवले होते; काकांचाही हिशेब नेमका तोच होता.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची ही खुली बैठक होती, म्हणून मलाही आत बसता आले. १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून सुरू झालेल्या या चळवळीत शुल्क नाही, आडनाव कोणी विचारत नाही आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे.

दादाची पाळी आली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "आज मी फक्त ऐकतो." "बरे, ऐका," एवढेच म्हणून सूत्रसंचालक पुढच्या माणसाकडे वळले. घरी आम्ही त्याला असे एकदाही सोडलेले मला आठवत नाही. लगेच उपदेश सुरू व्हायचा.

हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, हंगामात आमच्या वाड्यावर किती बाटल्या रिचवल्या हे भर रस्त्यात अभिमानाने सांगितले जाते, त्यासाठी कोणी पूल ओलांडत नाही. मग सोडणाऱ्यानेच का लपावे?

असो. पुढच्या आठवड्यापासून काका आणि दादा एकाच गाडीने जाणार आहेत, पेट्रोल अर्धे-अर्धे, पण मडगावलाच!