नानांच्या गाडीचं इंजिन आज उघडलं

सकाळपासून चोपड्यात, मिस्त्रीभाऊंच्या गॅरेजवर होतो. नानांची 2004 सालची शंभर सीसीची मोटारसायकल. केळीच्या बागेत या गाडीने जेवढं काम केलं, तेवढं आम्ही भावंडांनी मिळून केलं नसेल.

महिनाभर निळा धूर, म्हणजे इंजिन ऑइल जाळत होतं. मिस्त्रीभाऊंनी पान्याला हातच लावला नाही. आधी थंड गाडी स्टार्ट केली. म्हणाले, स्टार्टला भपकन येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील गेले, रेस दिल्यावर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. आपला रेसवर येत होता.

ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, उतरवला. जुनी रिंग नुसतीच बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) सरळ बसवून तोंडाच्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला. 0.70 मिलिमीटरची पट्टी आरामात गेली! एवढ्याशा बोअरला अर्धा मिलिमीटरसुद्धा जास्तच. वरच्या कडेखाली नख फिरवलं तर चक्क कंगोरा लागला, म्हणजे खालची भिंत झिजलेली. कारण एअर फिल्टरमध्ये सापडलं. एका बाजूने फाटलेला. शिवारातली धूळ किती वर्षं सरळ आत जात होती कोण जाणे. फार वाईट वाटलं.

पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहताना मात्र श्वास रोखून बसलो होतो. तिळभर खेळ नाही. बाजूला किंचित हलतो, तेवढा हलायलाच हवा. क्रँक वाचला!

उद्या ब्लॉक बोअरिंगला जळगावला. नवा पिस्टन 0.25 मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा.

निघताना नानांनी जुना पिस्टन उपरण्याने पुसला आणि खिशात टाकला.