तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोटोकॉल असा देऊन का टाकते?

‘रिसर्च पेपर यायच्या आधीच अख्खा प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाची पायरीवार कृती, लोकांना कशाला देता?’ सेमिनार संपला की कुणीतरी हे विचारतंच. परवा तर ‘मॅडमना काय, पर्मनंट आहेत’ असंही कानावर आलं. म्हणून सांगते.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हापूसच्या पानांतून डीएनए काढत होते. हाताशी जो पेपर होता, त्यात पद्धतीबद्दल एकच ओळ: डॉइल आणि डॉइल यांची वनस्पतींतून डीएनए काढायची १९८७ची सीटॅब पद्धत, ‘किरकोळ बदलांसह’. माझ्या ट्यूबमध्ये दर वेळी तपकिरी, चिकट गोळा. विरघळायचा नाही, पिपेटच्या टोकाला लोंबत वर यायचा. पुढच्या पीसीआरचं, म्हणजे त्या डीएनएच्या प्रती काढण्याचं, तर नावच नको. पाच महिने हेच. पानं कुटा, ६५ अंशांवर ठेवा, क्लोरोफॉर्म घालून फिरवा, पुन्हा तोच गोळा. पेपरवाल्यांना दोन मेल केले, उत्तर नाही. सर म्हणाले, ‘तुझा हातच बसलेला नाही.’ मला ते खरं वाटलं. पीएचडी सोडते, असं घरी सांगूनही झालं होतं.

शेवटी शेजारच्या लॅबमधल्या असिस्टंट काकांनी पानं बघितली. ‘ही जून पानं कशाला घेता ताई? तांबूस, कोवळी घ्या. फांदी दोन दिवस अंधारात ठेवा, स्टार्च उतरतो. बफरच्या द्रावणात मीठ वाढवा, पीव्हीपीची पूड घाला.’ आठवडाभरात ट्यूबमध्ये पांढरा धागा तरंगला. ते ‘किरकोळ’ बदल हे असे असतात.

आणि माझा पहिला पेपर आला तेव्हा मीही तेच दोन शब्द लिहिले. शब्दमर्यादा होती, खरंच होती. पण कुणी पुढे जाईल ही भीतीही होती. एका मुलीनं मेल करून तपशील विचारले. मी ‘मूळ पेपर पाहा’ एवढंच कळवलं. पुढे तिनं विषय बदलला. माझ्यामुळेच, असं नाही म्हणत. पण तो मेल मी अजून पुसलेला नाही.

म्हणून आता प्रोटोकॉल्स डॉट आयओ या प्रोटोकॉल सगळ्यांसाठी ठेवायच्या वेबसाइटवर सगळं टाकते: पान केवढं, मीठ किती, कुठे फसतं. याला कारकुनी म्हणणाऱ्यांनी लाउरींचा १९५१चा पेपर आठवावा. प्रथिनं मोजायची साधी पद्धत, आणि तीन लाखांहून जास्त पेपरांत तिचा उल्लेख आहे.

मात्र ‘पर्मनंट’वाला टोमणा खोटा नाही. माझी विद्यार्थिनी म्हणते, ‘माझा पेपर येईपर्यंत थांबू या ना, मॅडम.’ तिचा प्रोटोकॉल महिनाभर ड्राफ्टमध्येच आहे.