तुम्ही विचारलंत म्हणून: मुख्यमंत्र्यांनी विठ्ठलाची पूजा का करावी?

आषाढी जवळ आली की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी पुण्यातल्या भाच्याकडून, कधी माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांकडून. ‘बाई, राज्याला धर्म नसतो हे तुम्हीच आम्हाला नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवलंत. मग मुख्यमंत्री पहाटे सोवळं नेसून गाभाऱ्यात उभे राहतात ते तुम्हाला कसं चालतं?’ विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा खोच नसते, त्यांना खरंच समजून घ्यायचं असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मला ते चालतं, आणि ते चालू राहावं असं मनापासून वाटतं. मी माळकरी घरातली आहे, विचारांनी परंपरावादी आहे आणि हे कधी कुणापासून लपवलेलं नाही. राज्याला धर्म नसतो हे मात्र आजही मानते. घटनेचं कलम २७ वर्गात शिकवताना मी त्यावर नेहमी जास्त वेळ घ्यायचे. एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कुणाकडूनही सक्तीनं कर घेता येणार नाही, असं ते कलम सांगतं. त्यात राज्यकर्त्यानं देवापुढे हात जोडू नयेत असं कुठेही नाही.

पण ही पूजा खासगी नाही, शासकीय आहे, हा आक्षेप उरतोच. तो बिनबुडाचा नाही. आषाढी एकादशीला पंढरपुरात लाखो माणसं असतात. त्यातली कितीतरी पेरणी उरकून किंवा शेत दुसऱ्यावर सोपवून पायी आलेली असतात. त्यांच्या देवापुढे राज्याचा प्रमुख उभा राहतो, आणि शेजारी दर्शनरांगेतून निवडलेलं मानाचं वारकरी जोडपं असतं. त्या दोघांना वर्षभराचा एसटीचा मोफत पास मिळतो, सत्कार होतो, ते सगळं ठीकच. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की रात्रभर रांगेत ताटकळलेला शेतकरी आणि ज्याच्या एका सहीनं अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात तो माणूस, दोघेही त्या विटेपुढे सारखेच वाकतात. आपल्या वर कुणीतरी आहे हे सत्तेला वर्षातून एकदा चारचौघांत कबूल करावं लागतं. कुठेच न वाकणाऱ्या सत्तेची मला जास्त भीती वाटते.

ही पूजा एकदा बंद पडून पाहिली आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निधर्मी राज्याचा मुद्दा पुढे करून समाजवादी मंडळींनी आंदोलन केलं आणि शासकीय पूजा थांबली. मग १९७२ चा दुष्काळ आला, आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाच पूजा पुन्हा सुरू झाली. देव कोपला म्हणून पाऊस पडला नाही, असं मी म्हणणार नाही. पण खडी फोडायला गेलेल्या, जनावरं चारा-छावणीत नेऊन बांधलेल्या माणसांना आपलं सरकार आपल्या देवाशी फटकून वागतंय असं वाटणं काही बरं नव्हतं. नाईकांनी ते ओळखलं.

इथपर्यंत ऐकून भाचा म्हणतो, म्हणजे मावशी, तुला हिंदू राज्यच हवंय. नाही रे बाबा. मला सोमनाथचा दाखला पुरेसा वाटतो. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल तिथे गेले तेव्हा केंद्रीय मंत्री असलेले आपले काकासाहेब गाडगीळ त्यांच्याबरोबर होते. मंदिर पुन्हा बांधायचं ठरलं. गांधीजींनी सांगितलं, पैसा सरकारी तिजोरीतला नको, लोकांनी द्यावा. तसंच झालं, विश्वस्त मंडळ झालं, लोकवर्गणी जमली. पुढे ११ मे १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद प्राणप्रतिष्ठेला गेले. नेहरूंना ते पसंत नव्हतं, तरी गेले. राष्ट्रपतींनी नमस्कार केला आणि मंदिर लोकवर्गणीतून उभं राहिलं. ही रेघ मला आजही बरोबर वाटते.

म्हणूनच माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्टही मला सांगावी लागते. २०२४ साली सरकारनं वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले. मला ते अजिबात रुचलं नाही. वाटेवर पाण्याचे टँकर द्या, दवाखाने उभारा, शौचालयं ठेवा, रस्ता नीट करा. हे कुठल्याही मोठ्या गर्दीसाठी सरकारचं कामच आहे. पण दिंडी भिशीवर, वर्गणीवर, गावोगावच्या पंगतीवर चालत आली आहे. तिच्या हातात निवडणुकीच्या वर्षी सरकारी पैसा ठेवला की दिंडीच्या प्रमुखाला उद्या कुणाच्या तरी मंचावर बसावं लागतं.

आणि देवळाचा कारभार. नाडकर्णी आयोगानं पंढरपूरच्या मंदिरातल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांच्या, म्हणजे बडवे-उत्पातांच्या, कारभाराची चौकशी केली, भाविकांची लूट उघड्यावर आली, १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला. वंशपरंपरागत हक्क गेले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावर शेवटची मोहोर उमटली. ते हक्क जायलाच हवे होते. त्याआधी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी दहा दिवस प्राण पणाला लावावे लागले, हा आम्हा श्रद्धाळू म्हणवणाऱ्यांवरचाच डाग आहे. मात्र घर साफ करायला आलेल्यानं घरातच मुक्काम ठोकावा का? देवस्थानांच्या समित्या म्हणजे सत्ताधारी पक्षातल्या नाराजांची सोय झाली आहे, मग सत्ता कुणाचीही असो. शिर्डी संस्थानाचं विश्वस्त मंडळ २०२२ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला बरखास्त करावं लागलं. त्याच संस्थानाकडून २०१८ साली निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी सरकारनं ५०० कोटींचं बिनव्याजी कर्ज मंजूर करून घेतलं. कालवे व्हायलाच हवेत, पण भाविकांच्या दानपेटीतून सरकारनं ते का करावेत? भाविकांनी निवडलेलं, सगळ्या जातींचं, हिशेब जाहीर करणारं मंडळ असावं आणि सरकारनं फक्त धर्मादाय आयुक्तांमार्फत हिशेबावर नजर ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे.

आता माध्यमांबद्दल, कारण तुमच्यातले बरेच जण म्हणतात की मी त्यांच्यावर उगाच राग धरते.

मराठी वाहिन्या वारी दाखवत नाहीत असं मी म्हणणार नाही. दिवे घाटातली दृश्यं, बाजीरावाच्या विहिरीजवळचं रिंगण, हे घराघरांत पोचलं ते त्यांच्यामुळेच. माझ्या सासूबाई शेवटच्या काळात अंथरुणावरून वारी पाहायच्या, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री गाभाऱ्यातून बाहेर आले की माईक पुढे येतात: ‘विठुरायाकडे काय साकडं घातलं?’ आणि दुसऱ्या प्रश्नाला मंत्रिमंडळ विस्तार. जून २०२३ मध्ये आळंदीत वारकरी आणि पोलिसांत जे घडलं, त्यावर लाठीमार झाला की झटापट, एवढ्याच शब्दावर चर्चा रंगल्या. मंदिरात किती जणांना सोडायचं, पास कुणाला, आळंदीतल्या वारकरी शिक्षण संस्थांतली मुलं का चिडली, हे समजून घ्यायला मला फार शोधाशोध करावी लागली.

जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळीही हेच झालं. मसुद्याला वारकऱ्यांनी वर्षानुवर्षं हरकत घेतली आणि बातम्यांत त्यांची एकच ओळख राहिली: प्रगतीच्या आड येणारे. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला हत्या झाली, ते नीच कृत्य होतं, आणि त्यानंतर आधी अध्यादेश, मग डिसेंबरात कायदा आला. त्या कायद्यात आज स्पष्ट लिहिलेलं आहे की यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही. वारकऱ्यांची भीती नेमकी हीच होती. त्यांनी हरकत घेतली म्हणून कायदा अधिक नेमका झाला. नरबळीला, भोंदूगिरीला शिक्षा होते आणि कीर्तनकार निर्धास्त राहतो. एरवी लोकशाहीत याला यशस्वी लोकसहभाग म्हटलं असतं. किती संपादकांनी मागे वळून तसं लिहिलं?

आणखी एक गोष्ट मनाला लागते. अग्रलेखात तुकोबा येतात ते बंडखोर म्हणून, वारी येते ती समतेची चळवळ म्हणून. दोन्ही खरंच आहे. पण तुळशीची माळ, एकादशी, हरिपाठ, मांस-मद्य वर्ज्य करण्याचा नेम, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो विठ्ठल, हे सोडून वारी समजावून सांगता येत नाही. चालणाऱ्या बाईला विचारा, ती चळवळीला निघाले म्हणणार नाही. माऊलीला भेटायला निघाले म्हणेल. बातमीदारानं तिचं उत्तर तसंच छापावं.

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न, तो माझ्या एका मुस्लिम विद्यार्थिनीनं विचारला होता: ‘बाई, मग यात मी कुठे?’ तिला मी आधी हे सांगितलं की तुकोबांच्या पालखीची पहिली अभंग-आरती देहूजवळ अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते, आणि ती कुठल्या सरकारनं सुरू केलेली नाही. गोव्यात ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला हिंदू मुख्यमंत्री हजर राहतात. ६ डिसेंबरला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री चैत्यभूमीवर नतमस्तक होतात. कुणाच्या श्रद्धेपुढे राज्यकर्ता वाकला म्हणून दुसऱ्याचा हक्क कमी होत नाही. तो कमी होतो तो रेशन, भरती, पोलीस ठाणं आणि शाळाप्रवेश यात भेद झाला तर. तिथे भेद झाला तर मी तिच्या बाजूनं उभी राहीन, आणि तसं न करणाऱ्या परंपरावाद्यांशी माझं नातं नाही.

तिचा पुढचा प्रश्न होता, मुख्यमंत्रीच मुस्लिम असतील तर? हा प्रश्न काल्पनिक नाही, बॅरिस्टर अंतुले १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री होते. माझं उत्तर असं: ज्याची श्रद्धा नाही किंवा वेगळी आहे, त्याच्यावर पूजेची सक्ती कधीही नको. ज्याची श्रद्धा आहे अशा सहकाऱ्यानं यावं, कुणीच आलं नाही तरी बिघडत नाही. २०१८ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत, त्यांनी ‘वर्षा’ बंगल्यावर पूजा केली. पंढरपुरात त्या पहाटे मानाच्या वारकरी जोडप्याच्या हातून महापूजा झाली, आणि रांग नेहमीसारखीच पुढे सरकत राहिली.