संगमनेर ते हरेगाव : मतमाउलीच्या वाटेवर

मारियामातेच्या जन्माचा सण 8 सप्टेंबरला येतो आणि त्याला लागून अहिल्यानगर जिल्ह्यातील हरेगावी मतमाउलीची, म्हणजे मारियामातेचीच, यात्रा भरते. श्रीरामपूर तालुक्यातील हे गाव एके काळी साखर कारखान्यामुळे ओळखले जाई. आमच्यासारख्या मराठी कॅथलिक कुटुंबांना मात्र ते संत तेरेजा चर्चमुळे आपले वाटते. माझे वडील दरवर्षी संगमनेरहून तेथे पायी जात. ते परतले की आम्ही दोघे भाऊ घमेल्यात गरम पाणी आणून, त्यात मूठभर मीठ टाकून त्यांचे सुजलेले पाय शेकत असू. ते गेल्यावर जमिनीच्या वाटणीवरून आम्हा भावांचे बोलणे बंद झाले. त्यानंतरही मी दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात होतो, त्यातली सगळी उत्तरे तोंडपाठ देत होतो; पण घरी परतताना मनात प्रार्थनेऐवजी बांधाची मोजणीच चालू असे. त्या अवस्थेचा मला स्वतःलाच वीट आला, तेव्हा वडिलांची जपमाळ खिशात घालून मी पायी निघणाऱ्यांबरोबर चालू लागलो.

गुरुवारी पहाटे आम्ही संगमनेर सोडले. आश्वीकडून लोणीकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले आणि प्रवरेचे पाणी कालव्यांनी या भागात खेळू लागले, त्यातून हा ऊस आला. आमच्यातल्या कितीतरी घरांच्या मागच्या पिढ्या याच उसात राबल्या. या वाटेने चालताना आपण देवाच्या घरी जात आहोत असे वाटते, तसेच आपल्या आजोबा-पणजोबांच्या कष्टांवरून चालत आहोत असेही वाटते, आणि या दोन भावना मला वेगळ्या करता येत नाहीत.

पुढे टाळ-मृदंग होता. ख्रिस्ती माणसांच्या हाती टाळ पाहून काही जण थांबून विचारतात, आणि त्यांना सांगताना मला आनंदच होतो. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि अभंग-कीर्तनाची वाट त्यांनी नगरच्या भूमीतूनच आमच्या उपासनेत रुळवली. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. पण चालताना ओठांवर येणाऱ्या ओवीला हा भेद कळत नाही.

लोणीला मुक्काम झाला. रात्री निजण्यापूर्वी एका आजींनी तेविसावे स्तोत्र म्हटले. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले असेल. त्या रात्री ‘उणे’ या शब्दावर मी अडलो. आजवर मी परिपूर्णतेचा अर्थ सगळे मिळणे असा धरत आलो होतो, म्हणून जे मिळाले नाही त्याची यादी सतत हातात ठेवत होतो. स्तोत्र म्हणणाऱ्या त्या आजींच्या पिशवीत एक लुगडे, भाकरीचे फडके आणि मेणबत्त्यांचा एक पुडा एवढेच सामान होते, आणि त्यांच्या आवाजात उण्याचा लवलेशही नव्हता.

शुक्रवारी बाभळेश्वर ओलांडून आम्ही श्रीरामपूरच्या रस्त्याला लागलो. शुक्रवार असल्याने जपमाळेत दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे पाच प्रसंग, होती. पूर्ण माळेत 59 मणी असतात. वडिलांच्या माळेत 58 आहेत. चौथ्या दशकातला, म्हणजे दहा मण्यांच्या चौथ्या गटातला, एक मणी कधीतरी तुटून पडला आणि तेथे नुसती तार राहिली. ती त्यांनी कधी दुरुस्त करून घेतली नाही. बोटे त्या जागी आली की ते थोडे थांबत, तार चिमटीत धरत आणि मण्यावर म्हणावी तशीच ‘नमो मारिया’ ही प्रार्थना त्या रिकाम्या जागेवर म्हणून पुढे जात. चौथे रहस्य म्हणजे येशू आपला क्रूस वाहून नेतो. भर दुपारी, टाचेला फोड आलेला असताना, माझा अंगठा त्या तारेवर आला. मी तेथे थांबलो आणि अनेक महिन्यांनी प्रथमच माझी प्रार्थना खरोखर प्रार्थना झाली. त्या ‘नमो मारिये’त मी भावाचे नाव घेतले. काही मागितले नाही, फक्त नाव घेतले. पुढचा मणी हाताला लागला तेव्हा छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले, आणि श्रीरामपूर येईपर्यंत मी कोणाशी बोललो नाही, कारण ती शांतता मला सांडू द्यायची नव्हती.

शनिवारी सकाळी हरेगाव आले. नवसाच्या मेणबत्त्या, नारळ, हार, कडेवरची लेकरे आणि मतमाउलीच्या दर्शनाची रांग. त्या रांगेत ख्रिस्ती होते, तसेच हिंदू मायबहिणीही होत्या. मी पापनिवेदन केले. मिस्सेत फादरांनी एकमेकांना शांती देण्यास सांगितले, तेव्हा शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी हात जोडून माझ्याकडे पाहिले आणि मीही हात जोडले. ती शांती मी त्यांना दिली खरी. पण ती आधी कोणाला द्यायची राहिली आहे, हे मला त्याच क्षणी स्पष्ट दिसले. ख्रिस्तप्रसाद घेऊन परतल्यावर मी बराच वेळ गुडघ्यांवर होतो.

संध्याकाळी गर्दीपासून थोडे दूर जाऊन मी भावाला फोन लावला. तो उचलेल असे मी धरून चाललो नव्हतो.

“मी हरेगावात आहे. चालत आलो,” मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही.

“बाबांची माळ नेलीस का?”

“हो.”

“पाय सुजले असतील तुझे,” तो म्हणाला. “घरी नको जाऊस आधी. इकडेच ये. पाणी तापवून ठेवतो.”