चड्डीचा रंग

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बारा ते पाच कुणी कुणाच्या घरी जात नाही, त्यामुळे माणूस घरात कसाही वावरतो. मी बर्म्युडा घालून कूलरच्या टाकीत बादल्या ओतत होतो. सुट्टीत आलेला भाचा मागे कॉटवर लोळत होता. तिसऱ्या बादलीला तो म्हणाला, "मामाजी, तुमचे पाय किती बारीक आहेत हो!"

पोराच्या मनात काही नव्हतं. 'कूलर जुना झाला' म्हणावं तसं तो म्हणाला. पण माझा हात आपोआप खाली गेला आणि मी बर्म्युडाची कड ओढली. वय चव्वेचाळीस, घरात दोघंच, आणि मी गुडघे झाकतोय!

ही ओढायची सवय जुनी. पाचवीपर्यंत सगळेच खाकी हाफपँटवाले, तेव्हा काही वाटायचं नाही. सहावीत काही पोट्टे फुलपँटमध्ये आले आणि उरलेल्यांचे पाय एकदम उघडे पडले. माझी हाफपँट दादाची. आईने कमरेला दोन चुण्या घालून ती माझ्या मापाची केली होती, पण खालचा घेर तसाच. एका बाजूतून माझे दोन्ही पाय सहज गेले असते. बांधीच्या धुऱ्यावरची तूर झोडून झाली की ज्या काड्या उरतात त्या तुराटी, आणि तेच माझं नाव. हजेरीतलं नाव गुरुजींशिवाय कुणाच्या तोंडात नव्हतं. "ए तुराटी, तुले एखाद्या दिवशी चुलीत घालतीन बे!" असं कुणी म्हटलं की मी सगळ्यांच्या आधी हसून घ्यायचो. आपण हसलो की प्रकरण लवकर मिटतं. प्रार्थनेला माझी जागा पाण्याच्या ड्रमामागे. ड्रम मला बरोबर मांडीपर्यंत झाकायचा. कुठे उभं राहिलं की गुरुजींना डोकं दिसतं आणि पोट्ट्यांना पाय दिसत नाहीत, ते मी पावलं मोजून ठरवलं होतं.

त्या वर्षी, म्हणजे 1993 साली, दूरदर्शनवर मोगली आला.

गावात टीव्ही राइस मिलवाल्यांकडे. ब्लॅक अँड व्हाईट, अँटेना बांबूवर. रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत तीस-चाळीस पोरं बसायची. जमीन शेणानं सारवलेली, पण वर कोंड्याची बारीक भुकटी असायचीच. उठलं की प्रत्येकाच्या ढुंगणावर दोन पांढरे गोल. चेहरे दिसायच्या ऐवजी मुंग्या दिसायला लागल्या की एक जण बाहेर जाऊन बांबू फिरवायचा आणि आतून "आला, आला, गेला!" असा पुकारा. लाईन गेली तर मिलवाले ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडत. एवढे उपकार गावात कुणी कुणावर केले नसतील.

आणि पडद्यावर कोण? माझ्याच अंगकाठीचं पोर. हाडं मोजून घ्यावीत असं. पायात चप्पल नाही आणि अंगावर फक्त चड्डी. वर त्या चड्डीचं कौतुक थेट गाण्यात! आमच्या घरात चड्डी हा शब्द पाहुण्यांसमोर उच्चारायची सोय नव्हती आणि इथे अख्खी पडवी, मिलवाल्यांच्या आजीसकट, तो सुरात म्हणत होती. मी मात्र गात नव्हतो. तोंड उघडं टाकून त्याचे पाय पाहत होतो. धावताना ते अजिबात बारीक वाटत नव्हते. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी नदीवर तोच खेळ. पहिल्या दिवशी मिलवाल्यांचा मुलगा म्हणाला, मोगली मीच. टीव्ही त्याचा होता, त्यामुळे कुणी काही बोलेना. पण तो होता गुबगुबीत, शिवाय फुलपँटमध्ये. तेव्हा मला तुराटी हे नाव देणारा सातवीतला थोराड पोट्टा, जो नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरून आधीच शेरखान झाला होता, त्याने माझ्याकडे बोट केलं. "मोगली हा बनन. याचेच पाय तसे हायेत."

वाक्य तेच, पाय तेच. पण मी त्या दिवशी कड ओढली नाही.

मिलवाल्यांचा मुलगा रुसून बाळू झाला. टीव्ही त्याचा आणि अस्वलही तोच. मोगलीकडे एक वाकडं लाकूड असायचं. त्याला बूमरँग म्हणतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आम्ही 'वाकडं'च म्हणायचो. मी बाभळीचं तोडून घेतलं, सोलून तेल लावलं. टीव्हीतलं फेकलं की परत यायचं. माझं कधीच आलं नाही. ते रेतीत, कधी डांगरवाडीत, एकदा कपडे धुणाऱ्या काकूंच्या टोपल्यात जाऊन पडलं, आणि दर वेळी आणायला मलाच पळावं लागलं. वर्षभर असं पळाल्यावर केंद्राच्या स्पर्धेत दोनशे मीटरला माझा तिसरा नंबर आला. धावणारे चार होते, हे मी घरी सांगितलं नाही.

एका गोष्टीवर मात्र आमची रोज भांडणं व्हायची. चड्डी कोणत्या रंगाची? टीव्हीवर ती राखाडी दिसे, म्हणजे काहीही असू शकत होती. शेरखानच्या मते लाल, बाळूच्या मते हिरवी. मी शपथेवर सांगायचो की खाकी. पुढे रंगीत टीव्ही आले, मोबाईल आले. आता दोन मिनिटांत बघता येईल. मी अजून बघितलेलं नाही आणि माझ्यासमोर कुणी तो विषय काढला तर उठून जातो. बायकोला हे वेडेपणाचं वाटतं. असेल.

नागपूरला कॉलेजात असताना मूळ पुस्तक हाती आलं. किपलिंगसाहेबांचं, 1894 सालचं. डिक्शनरी शेजारी घेऊन वाचत होतो आणि एका ओळीत अडकलो. 'वैनगंगा'. स्पेलिंग साहेबी, पण नदी आमचीच. मोगलीचं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, आणि वैनगंगा त्याच जिल्ह्यात उगम पावते. तिथून बालाघाट, गोंदिया, भंडारा करत आमच्या गावाखालून पुढे पवनीकडे जाते. पुढच्या भागात तर रानकुत्र्यांना चुकवताना तो कड्यावरची मधमाश्यांची मोहोळं उठवून याच नदीत उडी घेतो. आग्या मोहोळ उठल्यावर पाण्यात बुडी मारायची, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक! साहेबांनी हे लिहिलं अमेरिकेत, व्हर्मांटच्या बर्फात बसून. शंभरेक वर्षांनी, 1989 साली, जपान्यांनी त्याची बावन्न भागांची मालिका केली. ती दिल्लीला आली, हिंदी बोलायला शिकली आणि मग आमच्या बांबूवर उतरली. केवढा फेरा! नदी मात्र सरळ आली होती. आम्ही तिच्याच रेतीत मोगली-मोगली खेळत होतो आणि आमच्यापैकी एकालाही पत्ता नव्हता.

हे सगळं भाच्याला सांगायला तोंड उघडलं, तर तो झोपला होता. गुडघे पोटाशी घेऊन. त्याचेही पाय काही फार वेगळे नाहीत, पण ते मी बोलणार नाही.

ड्रमामागची जागा मी कधी सोडली, ते आठवत नाही. एकदा प्रार्थनेत मागे वळून पाहिलं तर तिथे पाचवीतलं एक ठेंगणं पोर उभं होतं, एवढंच आठवतं. त्याचं नाव कधी विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. आता विचारणार कुठे? गोसेखुर्द धरणाचं पाणी चढत गेलं तसं गाव उठलं, घरं विखुरली. मिल, पडवी, शाळेचं पटांगण, सगळ्यावर आता वैनगंगा आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मिलच्या ओट्याचे दगड दिसतात, असं म्हणतात. मी अजून पाहायला गेलो नाही. ड्रम पत्र्याचा होता, कुणीतरी उचलून नेला असेल.