‘टोटल लॉस’ ठरलेली स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी

अपघातानंतर विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेली स्पोर्ट्स कार दुरुस्त होऊन स्वस्तात विक्रीला आली की मोह पडणे स्वाभाविक आहे; परंतु दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणूनच कंपनीने तिच्यावर पाणी सोडलेले असते, आणि तीच गाडी कोणी कमी पैशांत उभी केली असेल, तर खर्च नेमका कुठे वाचवला, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बहुतेकदा तो न दिसणाऱ्या जागी वाचवलेला असतो. दारांमधल्या खांबांचे बोरॉनयुक्त पोलाद तापवून सरळ केले की त्याची ताकद जाते. कार्बन फायबरचे थर आतून सुटलेले असले, तरी वरचा रंग निर्दोष दिसतो. सर्वांत संतापजनक प्रकार एअरबॅगचा: उघडलेली एअरबॅग न बदलता तिच्या जोडणीत केवळ एक रेझिस्टर (विजेला रोध करणारा छोटा भाग) बसवला जातो, त्यामुळे डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागत नाही आणि स्टिअरिंगच्या आवरणाखाली मात्र काहीच नसते.

म्हणून रंगाची जाडी मोजावी. कारखान्यातला रंग साधारणपणे १०० ते १८० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतो. एखाद्याच पत्र्यावर आकडा ५०० च्या पुढे गेला, तर खाली पुट्टी असण्याची दाट शक्यता असते. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सरळ आहे का हेही पाहावे. स्पोर्ट्स कार वेगाने पळवली जाते आणि वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, त्यामुळे साध्या गाडीत खपून जाणारा चॅसीचा बाक इथे जिवावर बेतू शकतो. पाण्यात बुडालेली गाडी तर मी पाहायलाही जाणार नाही, कारण वायरिंगमधला गंज कित्येक महिन्यांनी डोके वर काढतो. दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे आणि सुट्या भागांची बिले विक्रेत्याकडे मागावीत, आणि अशा गाडीचा विमा कोणी उतरवेल का, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्यावे.