तुम्ही विचारलंत म्हणून: ड्राफ्ट हा लिलाव नव्हे

पुण्याहून कोणी पिट्सबर्गला आमच्याकडे आलं आणि टीव्हीवर एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट (कॉलेजातले खेळाडू निवडायचा कार्यक्रम) लागलेला असला, की प्रश्न ठरलेला: "हा आयपीएलसारखा लिलावच ना?"

नाही. लिलावात बोली लागते, इथे पाळी येते. आदल्या हंगामात जो संघ तळाला, तो आधी निवडणार, विजेता शेवटी. (पाळ्यांची अदलाबदल होते, पण तो वेगळा विषय.) कॉलेजातला गुणी खेळाडू जास्त पैसे मोजून उचलता येत नाही. मग सगळी मदार उरते ती त्या पोराचा खेळ कोणी किती नीट पाहिलाय यावर, आणि म्हणूनच मला ड्राफ्ट आवडतो.

आमच्या पिट्सबर्गच्या संघाचं, स्टीलर्सचंच बघा. 1933 मध्ये सुरू झालेल्या या संघाला 1974 च्या ड्राफ्टपर्यंत एकही विजेतेपद नव्हतं. त्या वर्षी घेतलेल्या पहिल्या पाचांपैकी लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि माइक वेबस्टर हे चौघे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. पुढच्या सहा हंगामांत चार सुपर बोल, म्हणजे लीगची विजेतेपदं, आले.

यातला स्टॉलवर्थ मिळाला तो बिल नन यांच्यामुळे. नन मूळचे 'पिट्सबर्ग कूरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा पत्रकार, नंतर स्टीलर्सचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतले प्रशिक्षक त्यांना आपलं माणूस मानत. अशाच एका कॉलेजात, स्टॉलवर्थच्या अलाबामा ए अँड एमला, वेगवेगळ्या संघांची स्काउट मंडळी एकत्र गेली, तेव्हा मैदान ओलं होतं. स्टॉलवर्थची चाळीस यार्ड पळण्याची वेळ बेताचीच आली. बाकीचे पुढच्या गावाला निघाले. नननी बरं नसल्याचं सांगून मुक्काम वाढवला आणि कोरड्या जागी त्याला पुन्हा पळवलं. या खेपेला वेळ चांगली आली! प्रशिक्षक चक नोल त्याला पहिल्याच फेरीत घ्यायला निघाले होते. नन यांचं म्हणणं, थांबा, तो नंतरही मिळेल. चौथ्या फेरीत, 82 व्या क्रमांकावर मिळाला.

साउथ कॅरोलायना स्टेटच्या डॉनी शेलला तर 1974 च्या ड्राफ्टमध्ये सतराही फेऱ्यांत कोणी घेतलं नाही. ड्राफ्ट संपल्यावर त्याला स्टीलर्सकडे आणण्यातही नन यांचाच हात होता. ऑगस्ट 2021 मध्ये ओहायोतल्या कॅन्टनला, जिथे हॉल ऑफ फेम आहे, शेल आणि नन, दोघांचाही हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. नन मात्र तो दिवस पाहायला नव्हते. ते 2014 मध्येच गेले.